लिटरला किती? बास्केटबॉलमधल्या शूटिंगचा हिशेब

नवी मोटरसायकल दारात उभी राहिली की शेजारचे काका रंग बघत नाहीत, इंजिन बघत नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला: "लिटरला किती देते?" बास्केटबॉलच्या कोर्टावर मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. किती पॉइंट केले? चोवीस. वा, वा! किती शॉट मारून केले, ते राहूनच जातं.

एका डिसेंबरात सोळा वर्षांखालच्या मुलींच्या स्पर्धेत मी स्कोअरच्या टेबलावर बसलो होतो. हॅलोजनखाली डास, कागदावर कोपराचा घाम. ज्या संघाची वही माझ्याकडे होती तो ६४-६६ असा हरला. सामन्यानंतर 'बेस्ट स्कोअरर'चा कप त्याच संघातल्या ७ नंबरला मिळाला, तिचे २४ पॉइंट होते. १८ पॉइंट करणारी ११ नंबर बाकावर बुटाची नाडी सोडत बसली होती. घरी येऊन मी वही उघडली. ७ नंबरने २८ शॉट मारले होते, ११ नंबरने १०. कप चुकीच्या हातात गेला असं मला तेव्हा ठाम वाटलं. आता तितकं ठाम वाटत नाही, त्याचं कारण पुढे येईल. पण हिशेब कसा करायचा हे त्या रात्री मी नीट शिकलो.

तोच सामना या लेखाभर वापरतो. मुलींची नावं नकोत, जर्सीचे नंबर पुरेत. गणित सोपं जावं म्हणून आकडे थोडे जुळवून घेतलेत.

आधी वही

नव्या माणसाला वाटतं की अधिकृत स्कोअरशीट मिळालं की झालं. तसं होत नाही. फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, स्कोअरशीटवर धावता स्कोअर असतो. बास्केट झाली की नव्या बेरजेच्या आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रो (फाऊलच्या बदल्यात मिळणारा एका पॉइंटचा मोकळा शॉट) असेल तर भरीव टिंब, आणि थ्री पॉइंटर (लांबच्या रेघेबाहेरून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) असेल तर खेळाडूच्या नंबरभोवती गोल. म्हणजे लागलेलं सगळं त्यात सापडतं, पण हुकलेला शॉट त्या कागदावर कुठेच नसतो. आपल्याला तर नेमका तोच हवा आहे.

म्हणून वेगळी वही लागते. लांब वही आडवी धरा, प्रत्येक खेळाडूला एक ओळ द्या आणि तीन रकाने आखा: दोनचे शॉट, तीनचे शॉट, फ्री थ्रो. लागला की गोल, हुकला की फुली. एवढंच. लागलेल्यांचा आणि हुकलेल्यांचा वेगळा रकाना करू नका. घाईत पेन चुकीच्या घरात जातं आणि मग काही उमगत नाही. शिवाय गोल-फुल्या ओळीने पडल्या की कोण कधी थंड पडलं तेही दिसतं.

शक्य असेल तर दोघं बसा. एकाने डोळे कोर्टावर ठेवून बोलायचं, "सात, दोन, हुकला", दुसऱ्याने मान खाली घालून फक्त लिहायचं. एकटे असाल तर नजर वर-खाली करण्यात दर क्वार्टरला एखाद-दुसरा शॉट निसटतोच. तो मोबाइलवरच्या चित्रीकरणातून नंतर भरा, अंदाजाने नको.

त्याच पानाच्या तळाशी संघाच्या नावे आणखी दोन ओळी: आक्रमणातले रिबाउंड (हुकलेला आपलाच शॉट परत हाती घेणं) आणि टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल गमावणं). प्रतिस्पर्धी संघासाठीही हेच पान करा. का, ते शेवटी कळेल.

कुठला शॉट धरायचा, कुठला नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

शॉट मारताना फाऊल झाला आणि बॉल आत गेला नाही, तर तो शॉट मोजायचा नाही. फुली टाकायची नाही. त्या बदल्यात मिळालेले फ्री थ्रो तेवढे लिहायचे. फाऊल झाला आणि तरीही बॉल आत गेला, ज्याला पोरं 'अँड वन' म्हणतात, तर मात्र शॉट मोजायचा, लागलेला म्हणून, आणि वरचा एक फ्री थ्रो वेगळा. शॉट ब्लॉक झाला तरी तो शॉटच, फुली पडणार. रिबाउंडला उडी मारून बॉल ताब्यात घेत परत रिंगकडे टाकला तर तोही शॉट.

क्वार्टर संपताना अर्ध्या कोर्टावरून भिरकावलेला बॉलही शॉटच. या एका गोष्टीवरून मोठे खेळाडू टक्केवारी जपायला घंटा वाजल्यावरच बॉल सोडायचे. शेवटी एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, २०२५-२६च्या मोसमापासून असे हुकलेले लांबचे शॉट खेळाडूच्या नावे न लावता संघाच्या नावे लावायचं ठरवलं. आपण मात्र अजून ते खेळाडूच्याच ओळीत लिहितो.

एक गंमत. कुणी चुकून स्वतःच्याच रिंगमध्ये बॉल टाकला तर फिबाच्या नियमाने ते दोन पॉइंट समोरच्या संघाच्या कोर्टावरच्या कॅप्टनच्या नावे लागतात. कॅप्टनने तर शॉटच मारलेला नसतो. लहान मुलांच्या सामन्यात असं खरंच होतं. त्या दोन पॉइंटना वहीत चांदणी करून ठेवा आणि कॅप्टनच्या टक्केवारीतून वगळा.

आमच्या दोघींची ओळ सामन्याअखेर अशी होती:

७ नंबर: दोनचे १९ पैकी ७, तीनचे ९ पैकी २, फ्री थ्रो ६ पैकी ४.
११ नंबर: दोनचे ६ पैकी ४, तीनचे ४ पैकी २, फ्री थ्रो ४ पैकी ४.

पुढे जाण्याआधी ताळा करा. ७ नंबर: १४ + ६ + ४ = २४. ११ नंबर: ८ + ६ + ४ = १८. स्कोअरशीटवरच्या पॉइंटशी हे जुळलं नाही तर वहीत चूक आहे. ती आत्ताच शोधा, नाहीतर पुढचं सगळं गणित वाया.

पहिली पायरी: साधी टक्केवारी

लागलेले शॉट ÷ मारलेले शॉट. दोनचे आणि तीनचे एकत्र धरायचे, फ्री थ्रो बाहेर. ७ नंबर: ९ ÷ २८ = ३२.१ टक्के. ११ नंबर: ६ ÷ १० = ६० टक्के. याला फील्ड गोल टक्केवारी म्हणतात. पेपरात, टीव्हीवर, सगळीकडे हीच असते. तिच्यात दोन खोट आहेत: थ्री पॉइंटर आणि लेअप (रिंगजवळून टाकलेला सोपा शॉट) तिला सारखेच, आणि फ्री थ्रो तिला दिसतच नाहीत. पुढच्या दोन पायऱ्या या खोटींवरचा इलाज आहेत.

दुसरी पायरी: तीनला तीनचं मोल

एनबीएत थ्री पॉइंटची रेघ १९७९-८० मध्ये आली, फिबाने ती १९८४ मध्ये घेतली. तोवर साधी टक्केवारी पुरेशी होती, कारण प्रत्येक बास्केट दोनचीच होती. तीनचा शॉट आला आणि हिशेब बिघडला. दोनचे दहा शॉट मारून पाच लागले तर १० पॉइंट. तीनचे दहा मारून चार लागले तर १२. पहिला खेळाडू ५० टक्के, दुसरा ४० टक्के, आणि पॉइंट मात्र दुसऱ्याचे जास्त.

उपाय सोपा आहे. तीनचा शॉट दोनच्या दीडपट, म्हणून प्रत्येक लागलेल्या थ्री पॉइंटरमागे अर्धी बास्केट जास्त धरायची:

(लागलेले सगळे शॉट + लागलेल्या थ्री पॉइंटरच्या निम्मे) ÷ मारलेले सगळे शॉट

ही इफेक्टिव्ह फील्ड गोल टक्केवारी, थोडक्यात ईएफजी. ७ नंबर: (९ + १) ÷ २८ = ३५.७ टक्के. ११ नंबर: (६ + १) ÷ १० = ७० टक्के.

ईएफजी शंभराच्या वर गेली तर घाबरू नका, गणित चुकलेलं नाही. मारलेले सगळे शॉट तीनचे आणि सगळे लागले तर ती १५० येते. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात, १० ऑगस्ट २०२४ ला, स्टेफन करीने फ्रान्सविरुद्ध तीनचे १२ शॉट मारले, त्यातले ८ लागले. साधी टक्केवारी ६६.७. त्याच बारा शॉटची ईएफजी: (८ + ४) ÷ १२, म्हणजे बरोबर १०० टक्के. दुसऱ्या कुणी रिंगखाली उभं राहून बारा लेअप मारले असते आणि बाराही लागले असते, तरी पॉइंट तेवढेच, २४.

पोरं हमखास विचारतात, "सर, तीनचा मारू का दोनचा?" तीनचा शॉट ३३.३ टक्के लागत असेल तर तो दोनच्या ५० टक्क्यांच्या तोडीचा. आमच्या ७ नंबरचे तीनचे शॉट २२.२ टक्के लागले, म्हणजे शॉटमागे ०.६७ पॉइंट. तिचे दोनचे शॉट ३६.८ टक्के, शॉटमागे ०.७४. दोन्ही वाईटच, पण रेघेबाहेरचे जास्त वाईट.

तिसरी पायरी: फ्री थ्रो हिशेबात घ्या

आता मुख्य आकडा, ट्रू शूटिंग, लोक नुसतं टीएस म्हणतात. यात पॉइंट सगळे धरतात, फ्री थ्रोचेसुद्धा, आणि खर्चही सगळा:

पॉइंट ÷ [२ × (मारलेले शॉट + ०.४४ × मारलेले फ्री थ्रो)]

सूत्र बघून बिचकू नका. कंसातला भाग म्हणजे खेळाडूने पॉइंट करण्यासाठी खर्चलेल्या संधी. पॉइंटला संधींनी भागलं की एका संधीला किती पॉइंट ते कळतं: तेच, लिटरला किती. शेवटी दोनने भागलं की ती टक्केवारीसारखी दिसते, म्हणजे दोनचाच शॉट मारणाऱ्याच्या साध्या टक्केवारीशी तुलना करता येते. बाकी त्या दोनमध्ये काही गूढ नाही.

गूढ आहे ते ०.४४ मध्ये. मी बरीच वर्षं तो आकडा मंत्रासारखा वापरला, कुठून आला ते ठाऊक नसताना. मग एकदा वही घेऊन मोजलं. आमच्या सामन्यात त्या संघाने १८ फ्री थ्रो मारले. ते असे आले: सात वेळा दोन-दोन, म्हणजे १४. एकदा थ्री पॉइंटर मारताना फाऊल झाला म्हणून ३. आणि एक अँड वनचा. एकूण १८. आता यात संधी किती खर्च झाल्या? दोन-दोनच्या सात खेपा म्हणजे सात संधी. तीनची खेप ही एक. अँड वनची संधी शॉटमध्ये आधीच मोजलेली, म्हणून शून्य. एकूण ८. आठ भागिले अठरा: ०.४४४.

प्रत्येक सामन्यात इतकं चपखल जुळणार नाही. बहुतेक फ्री थ्रो जोडीने येतात, म्हणून आकडा ०.५ च्या जवळ राहतो. अँड वन आणि टेक्निकल फाऊलचे (गैरवर्तनाच्या शिक्षेचे) एकेकटे फ्री थ्रो, शिवाय तीन-तीनच्या खेपा, त्याला खाली ओढतात. एनबीएच्या असंख्य सामन्यांची सरासरी ०.४४ च्या आसपास बसते, म्हणून सगळे तोच वापरतात.

आता आमच्या दोघी.

७ नंबर: ०.४४ × ६ = २.६४. त्यात २८ मिळवले, ३०.६४. दुप्पट केले, ६१.२८. २४ ÷ ६१.२८ = ३९.२ टक्के.
११ नंबर: ०.४४ × ४ = १.७६. त्यात १०, ११.७६. दुप्पट २३.५२. १८ ÷ २३.५२ = ७६.५ टक्के.

संधीमागे पॉइंट काढले तर ७ नंबरचे ०.७८, ११ नंबरचे १.५३. जवळपास दुप्पट.

कॅल्क्युलेटरवर करताना कंसातलं आधी काढून कागदावर लिहा, मग भागा. साधे कॅल्क्युलेटर डावीकडून उजवीकडे जसं दाबाल तसं करत जातात, त्यांना कंस कळत नाही.

एका सामन्यापुरतं बघायचं असेल आणि वहीत फ्री थ्रोच्या खेपा लिहिलेल्या असतील तर ०.४४ ऐवजी खऱ्या खेपाच धरा. ७ नंबरचे सहा फ्री थ्रो म्हणजे एक तीनची खेप, एक दोनची आणि एक अँड वन, संधी दोनच. मग टीएस २४ ÷ ६०, नेमकी ४० टक्के. ११ नंबरची ७५. फरक एक-दीड टक्क्याचा. निष्कर्ष त्याने बदलत नाही, म्हणून त्यावर झोप उडवू नका.

मोठ्या नावांवर हात साफ करा

सूत्र हातात बसायला ओळखीचे सामने घ्यावेत. कोबी ब्रायंटच्या दोन रात्री घ्या.

२२ जानेवारी २००६, टोरंटोविरुद्ध ८१ पॉइंट. शॉट ४६ पैकी २८, त्यात तीनचे १३ पैकी ७, फ्री थ्रो २० पैकी १८. टीएस: ८१ ÷ [२ × (४६ + ८.८)] = ७३.९ टक्के. आकडा मोठा आणि खर्चही आटोपशीर, बोलायला जागाच नाही.

१३ एप्रिल २०१६, युटाविरुद्ध कारकिर्दीतला शेवटचा सामना. ६० पॉइंट, पण पन्नास शॉट मारून! त्यातले २२ लागले, तीनचे २१ पैकी ६, फ्री थ्रो १२ पैकी १०. या रात्रीची आजही टिंगल होते, "पन्नास शॉट दिले तर कुणीही साठ करेल." हिशेब करा. ६० ÷ [२ × (५० + ५.२८)] = ५४.३ टक्के. त्या मोसमात अख्ख्या एनबीएची सरासरी टीएस होती सुमारे ५४.१. म्हणजे सदतीस वर्षांच्या थकलेल्या माणसाने पन्नास शॉट मारूनही लीगच्या सरासरीइतकाच खर्च केला. टिंगल करणाऱ्यांनी गणित केलेलं नसतं.

दुसरी तुलना मला जास्त आवडते, कारण तिच्यात तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. शकील ओ'नील, १९९९-२०००: शॉट १६६५ पैकी ९५६, तीनचा एकही लागलेला नाही, फ्री थ्रो ८२४ पैकी ४३२, पॉइंट २३४४. जेम्स हार्डन, २०१८-१९: शॉट १९०९ पैकी ८४३, त्यात तीनचे ३७८, फ्री थ्रो ८५८ पैकी ७५४, पॉइंट २८१८.

साध्या टक्केवारीत शकील ५७.४, हार्डन ४४.२. तेरा टक्क्यांचं अंतर, वाद संपला असं वाटतं. ईएफजी काढली की शकील तिथेच, हार्डन ५४.१ वर. आणि टीएस काढली की शकील ५७.८, हार्डन ६१.६. पारडं फिरलं! एकाला फ्री थ्रोची रेघ शिक्षा होती, दुसऱ्याचा धंदाच तिच्यावर चालायचा.

पण इथे थांबलात तर अर्धवट उत्तर घेऊन जाल. शकीलच्या मोसमात लीगची सरासरी टीएस सुमारे ५२.३ होती, हार्डनच्या मोसमात ५६.० च्या घरात. आपापल्या काळाच्या सरासरीहून शकील साडेपाच टक्के वर, हार्डनही साधारण तेवढाच वर. वेगवेगळ्या काळांची, किंवा शाळेच्या आणि सीनियर स्पर्धेची, तुलना करायची तर ज्या त्या स्पर्धेची सरासरी वजा करूनच. करीचा २०१५-१६ चा मोसम याच पट्टीवर ठेवून बघा: १५९८ पैकी ८०५, तीनचे ४०२, फ्री थ्रो ४०० पैकी ३६३, पॉइंट २३७५. टीएस ६६.९ येईल, सरासरीहून जवळपास तेरा टक्के वर. शकील आणि हार्डन ज्या उंचीवर आहेत, तिच्या दुप्पट उंच.

जाता जाता शकीलबद्दल आणखी एक. त्याला फ्री थ्रो येत नाहीत म्हणून समोरचे संघ मुद्दाम फाऊल करायचे, 'हॅक-अ-शॅक' नाव पडलं होतं. त्याचा फ्री थ्रो लागायचा ५२.४ टक्के. दोन फ्री थ्रोंना सरासरी १.०५ पॉइंट. आणि त्या वर्षी लीगमध्ये एका संधीला सरासरी पॉइंट किती? ५२.३ ची दुप्पट, १.०५. म्हणजे कागदावर तरी इतका आटापिटा करून समोरच्यांच्या पदरात काही पडत नव्हतं, फाऊल तेवढे वाढायचे.

संघाचा हिशेब

खेळाडूला संधी, तसं संघाला पझेशन. बॉल आपल्या हातात आला तेव्हापासून समोरच्याच्या हातात जाईपर्यंत एक पझेशन. मध्ये आपणच रिबाउंड घेतला तर पझेशन तेच चालू. मोजत बसायची गरज नाही, वहीतून निघतं:

मारलेले शॉट + ०.४४ × फ्री थ्रो − आक्रमणातले रिबाउंड + टर्नओव्हर

आमच्या संघाचे शॉट ६०, फ्री थ्रो १८, आक्रमणातले रिबाउंड १३, टर्नओव्हर १६. पझेशन: ६० + ७.९२ − १३ + १६ = ७०.९२. समोरच्यांचे शॉट ५५, फ्री थ्रो २२, रिबाउंड ९, टर्नओव्हर १५: ५५ + ९.६८ − ९ + १५ = ७०.६८.

हे दोन आकडे इतके जवळ आले हा योगायोग नव्हे. बॉल आळीपाळीनेच हातात येतो, त्यामुळे दोन्ही संघांची पझेशन जवळपास सारखी असायलाच हवीत. क्वार्टरच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडंफार इकडेतिकडे होतं, तेवढंच. तुमच्या हिशेबात चार-पाचांचा फरक आला तर समजा वही कुठेतरी गळतेय. माझ्या वहीत ती गळती नव्वद टक्के वेळा एकाच जागी सापडते: शॉट हुकला, बॉल समोरच्याच्या हाताला लागून बाहेर गेला आणि पुन्हा आपल्यालाच मिळाला. रिबाउंड कुणाच्याच नावे नाही म्हणून लिहिलाच जात नाही. तो संघाच्या नावे लिहायचा. प्रतिस्पर्ध्याचंही पान करा म्हटलं ते या ताळ्यासाठी.

आता पॉइंट ÷ पझेशन × १००. आम्ही ६४ ÷ ७०.९२, म्हणजे शंभर पझेशनला ९०.२. ते ६६ ÷ ७०.६८, म्हणजे ९३.४. शंभराच्या मापाने का? कारण नुसता स्कोअर वेगावर अवलंबून असतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे सराव सामने झाले, त्यातल्या पहिल्यात इंडियानाने सॅक्रामेंटोला १३२-१३१ असं हरवलं. त्यापुढे आपले ६४ केविलवाणे दिसतात. पण तिथे ४८ मिनिटांचा खेळ, वर ओव्हरटाइम, आणि वेगही भलताच. आपला खेळ ४० मिनिटांचा. शंभर पझेशनच्या मापात आणल्याशिवाय दोन संघांची, किंवा आपल्याच संघाच्या दोन सामन्यांची, तुलना करू नये.

महिन्याभराचे सामने एकत्र करताना

टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नका. एका सामन्यात एकापैकी एक लागला, १०० टक्के. दुसऱ्यात १२ पैकी ३, २५ टक्के. यांची सरासरी ६२.५ काढून कोचला दिलीत तर कोच तिला कॅप्टन करेल. खरं उत्तर १३ पैकी ४, ३०.८. आधी शॉट एकत्र करायचे, मग एकदाच भागायचं. संगणकावर तक्ता केलात तर एकही शॉट न मारणाऱ्याच्या घरात शून्य टक्के दाखवू नका, घर रिकामं ठेवा. शून्य म्हणजे मारले आणि सगळे हुकले.

आणि एका सामन्यावरून फार उड्या मारू नका. ११ नंबरने दहाच शॉट मारले होते. त्यातले दोन थ्री पॉइंटर रिंगवर फिरून बाहेर आले असते तर पॉइंट १८ चे १२ झाले असते आणि टीएस ७६.५ वरून ५१ वर आली असती. तीच मुलगी, तोच हात. पाच-सहा सामन्यांचे आकडे जमल्याशिवाय मी कुणाबद्दल मत देत नाही.

७ नंबरची बाजू

मी कपाबद्दल पूर्वीइतका ठाम का नाही, ते आता. ७ नंबर सोडून बाकी संघाचे पॉइंट ४०, शॉट ३२, फ्री थ्रो १२. टीएस ५३.६, उत्तम. हे बघून पहिल्यांदा वाटतं, हिला बाकावर बसवलं असतं तर सामना जिंकला असता. मग मी चित्रीकरण पुन्हा पाहिलं. ७ नंबरच्या अंगावर सतत दोघी. ११ नंबरचे दोन्ही थ्री पॉइंटर लागले तेव्हा तिच्या आसपास कुणीही नव्हतं, कारण तिची बचावपटू ७ नंबरकडे धावली होती. आणि २४ सेकंदांचं घड्याळ (तेवढ्यात शॉट मारावाच लागतो) संपत आलं की बाकीच्या चौघी बॉल कुणाकडे ढकलायच्या? ७ कडे. शेवटच्या दोन सेकंदांतला, अंगावर हात असताना मारलेला शॉट तिच्या ओळीत फुली म्हणून पडायचा. ढकलणाऱ्यांच्या ओळी स्वच्छ.

वहीत आता मी एक खूण वाढवली आहे: घड्याळात पाचापेक्षा कमी सेकंद असताना मारलेल्या शॉटखाली रेघ. ७ नंबरच्या २८ पैकी अकरा शॉटखाली ती रेघ आली. अकरातला एक लागला. उरलेले सतरा शॉट हिचे स्वतःचे म्हणावेत असे, त्यात आठ लागले, ४७ टक्के. कोचला मी टीएसचा आकडा दिला नाही, ही ओळ दाखवली.

आता तुम्ही करा

२ मार्च १९६२, पेनसिल्व्हेनियातलं हर्शी गाव. विल्ट चेंबरलेनने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने १०० पॉइंट केले. शॉट ६३ पैकी ३६, फ्री थ्रो ३२ पैकी २८. थ्री पॉइंटची रेघ तेव्हा एनबीएत नव्हती, म्हणून ईएफजी आणि साधी टक्केवारी एकच: ५७.१. टीएस काढा.

६४.९ आलं तर बरोबर. ७९.४ आलं तर फ्री थ्रो खर्चात धरायचे राहिले. ५२.६ आलं तर ते धरलेत, पण ०.४४ ने गुणले नाहीत. १२९.७ आलं तर खालची दुप्पट राहिली. आणि या चारांपैकी काहीच आलं नाही तर कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, कंसातला आकडा कागदावर लिहा. तो ७७.०८ हवा.